साखर चढली, पण गळती कुठे? मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि लोहाचं डिचोलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मधुमेहाच्या दवाखान्यात सुटी सुटी दिसणारी गुंतागुंत एकाच रुग्णात आणून ते शिकण्यासाठी रचलं आहे. आकडे त्या हिशेबाने घेतलेत. औषधांच्या मात्रा आणि तपासण्यांचे निकष मात्र रोजच्या वापरातले आहेत. वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या स्वतः बदलू नयेत.

रुग्ण स्त्री, वय ५८, राहणार गोव्यातला डिचोली तालुका. घरामागे कुळागर, त्यात पोफळी आणि केळी, सकाळचे दोन-तीन तास तिथंच जातात. वजन ६४ किलो, उंची १५४ सेंमी. टाइप २ मधुमेह १२ वर्षं, रक्तदाब ९ वर्षं. मधुमेह इतकी वर्षं बरा आटोक्यात होता. गेल्या आठ महिन्यांत मात्र उपाशीपोटीची साखर १३० वरून १७८ वर आली, जेवणानंतर दोन तासांची २६२ वर, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ७.४ वरून ८.९ वर. जोडीला रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, थकवा, अधूनमधून छातीत धडधड. खाणं बदललेलं नाही, गोळी चुकत नाही, वजन घटलेलं नाही. वजनाचा प्रश्न मुद्दाम विचारायचा असतो. या वयात साखर चढते आणि वजनही उतरतं, तेव्हा आधी स्वादुपिंडाकडे बघावं लागतं. मूत्रमार्गाचा किंवा हिरड्यांचा संसर्ग, गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांचीही चौकशी झाली. तसं काही नव्हतं.

आणखी एक गोळी लावायची की इन्सुलिन, इतकाच प्रश्न घेऊन मुलगा आईला घेऊन आला होता.

पिशवी

डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, ‘काकी, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पुढच्या खेपेला पिशवीत घालून आणा. टीव्हीवर बघून घेतलेल्यासुद्धा.’ कागदावरच्या यादीपेक्षा ही पिशवी जास्त बोलते. त्यातून निघालं ते असं: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ. दोन वेळा, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ. सकाळी, टेल्मिसार्टन ४० आणि क्लोर्थॅलिडोन १२.५ यांची जोडगोळी. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल ४० आणि डॉम्पेरिडोन ३० यांची कॅप्सूल. आणि ‘शुगर कंट्रोल’ म्हणून ऑनलाइन मागवलेली एक बाटली. बाटलीच्या लेबलावर क्रोमियम पिकोलिनेट २०० मायक्रोग्रॅम, जस्त १५ मिग्रॅ., व्हॅनेडियम, दालचिनीचा अर्क आणि बरंच बायोटिन.

दोन तारखा महत्त्वाच्या ठरल्या. रक्तदाबाची गोळी आधी नुसती टेल्मिसार्टन होती. दहा महिन्यांपूर्वी तिच्यात क्लोर्थॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, जोडलं गेलं. साखर त्यानंतर दोनेक महिन्यांत हलायला लागली. आणि पँटोप्राझोल? ते सहा वर्षांपूर्वी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेलं होतं. थांबवा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते चालूच राहिलं. ही गोष्ट गोव्यातच काय, देशात कुठंही सापडेल.

पहिला रिपोर्ट फसवा होता

पोटऱ्यांतले गोळे आणि लघवीचं औषध दिसताच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघायलाच हवं. गावातल्या संकलन केंद्रावरून आलेला पहिला रिपोर्ट अगदी साधा: पोटॅशियम ४.३, मॅग्नेशियम १.८, आणि यादृच्छिक साखर फक्त १२१. इथंच फाइल मिटली असती. पण रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना हीमोलाइज्ड’, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेला, असं छापलेलं होतं.

तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम रक्तद्रवाच्या कितीतरी पट असतं, मॅग्नेशियमही जास्त असतं. दंडाला पट्टा आवळून ठेवला, बारीक सुईतून सिरिंज जोरात ओढली, किंवा पावसाळ्यात गाडीच्या डिकीतून नमुना तासन्‌तास हिंदकळत गेला, की पेशी फुटतात आणि आतलं खनिज बाहेर येऊन खरी कमतरता झाकली जाते. साखरेचं उलट होतं. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. म्हणजे एकाच नमुन्यात खनिजं फुगलेली आणि साखर खोटी उतरलेली. दुसऱ्या वेळी पट्टा रक्त येताच सोडला, साखरेसाठी फ्लुओराइडची करड्या झाकणाची नळी वापरली, बाकीचं रक्त तासाभरात सेंट्रिफ्यूज केलं. बायोटिनवाली बाटली तीन दिवस आधी बंद करायला सांगितली होती, कारण जास्त बायोटिन पोटात असलं तर थायरॉइडच्या काही चाचण्या चुकीची उत्तरं देतात.

दुसरा रिपोर्ट: पोटॅशियम ३.२ (साधारण ३.५ ते ५.०), मॅग्नेशियम १.३ मिग्रॅ./डेसिलिटर (साधारण १.७ ते २.२), कॅल्शियम ८.४ आणि अल्ब्युमिन ४.०, क्रिएटिनिन ०.८, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ८५. हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं आकारमान) ७२, फेरिटिन (लोहाचा साठा) ८, तिन्ही कमी. थायरॉइड आणि बी१२ ठीक. ईसीजीत टी तरंग चपटे, क्यूटीसी (दर ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) ४६८.

हा शेवटचा आकडा बघून डॉम्पेरिडोन त्याच दिवशी बंद झालं. ते क्यूटी लांबवतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी असताना ते पोटात असणं म्हणजे धडधडीला आमंत्रण. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये ते गुपचूप बसलेलं असतं, आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

खनिज जातंय कुठून

मॅग्नेशियम कमी आहे हे कळलं की बहुतेक ठिकाणी लगेच गोळी लिहिली जाते. त्याआधी एक लघवीचा नमुना घ्यावा. खर्च किरकोळ आणि उत्तर पक्कं. सूत्र असं: लघवीतलं मॅग्नेशियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले ०.७ गुणिले रक्तातलं मॅग्नेशियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन. आलेल्या उत्तराला १०० ने गुणायचं. ०.७ यासाठी, की रक्तातलं सुमारे ७० टक्के मॅग्नेशियमच मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली उतरतं, उरलेलं प्रथिनांना चिकटलेलं असतं. इथं लघवीत मॅग्नेशियम ३.० आणि क्रिएटिनिन ६० होतं:

(३.० × ०.८) ÷ (०.७ × १.३ × ६०) × १०० = ४.४ टक्के.

शरीरात मॅग्नेशियम कमी असेल तर निरोगी मूत्रपिंड ते धरून ठेवतं, हा आकडा २ टक्क्यांच्या खाली जातो. ४.४ म्हणजे मूत्रपिंडच सांडतंय. लघवीतलं पोटॅशियमही क्रिएटिनिनच्या मानाने जास्त होतं. तीच कथा.

सांडतंय ते दोन कारणांनी. क्लोर्थॅलिडोन हे एक. दुसरं खुद्द साखर: रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते, पाणी ओढून नेते, आणि त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. तिसरं भोक आतड्यात आहे. पँटोप्राझोलच्या वर्गातली औषधं वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांत आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जाणंच मंदावतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली याबद्दल इशारा दिला होता. नुसतं पँटोप्राझोल दोषी असतं तर लघवीतला आकडा २ च्या आत दिसला असता, मूत्रपिंडाने राखून ठेवलं असतं. इथं आत येणारी वाट अरुंद आणि बाहेर जाणारी वाट उघडी, दोन्ही एकदम.

मग साखर का चढते? इन्सुलिन पेशीवर येऊन बसलं की आतलं टायरोसिन कायनेज नावाचं एन्झाइम चालू व्हावं लागतं, आणि त्याला एटीपी (पेशीचं इंधन) लागतं ते मॅग्नेशियमशी जोडलेल्या रूपात. मॅग्नेशियम तोकडं पडलं की इन्सुलिन दारावर येतं, पण घंटा नीट वाजत नाही. उलट दिशेनेही हे चक्र फिरतं. मूत्रपिंडाने मॅग्नेशियम परत ओढून घ्यावं हा निरोपही इन्सुलिनच देत असतं. त्याचा प्रभाव घटला की गळती वाढते, आणि गळती वाढली की प्रभाव आणखी घटतो.

पोटॅशियमचं काम दुसरीकडे आहे. ते कमी झालं की स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतून इन्सुलिन सुटणं मंदावतं. थायझाइड वर्गातल्या औषधांनी (क्लोर्थॅलिडोन त्याच धाटणीचं) साखर वाढते त्यामागचं हे एक ठळक कारण, आणि पोटॅशियम भरून काढलं की ती वाढ बरीचशी ओसरते. थोडक्यात या बाईंच्यात इन्सुलिन कमी सुटत होतं आणि सुटलेलं नीट लागू पडत नव्हतं.

एक अट इथं सगळ्यात जास्त विसरली जाते. मॅग्नेशियम न भरता नुसतं पोटॅशियम देणं वाया जातं. मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पोटॅशियमच्या दारांना आतून मॅग्नेशियमने अडसर घातलेला असतो. तो निघाला की दिलेलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ८.४ चं कमी कॅल्शियमही याच घरचं. मॅग्नेशियम फार घटलं की कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं काम सोडून देते. कॅल्शियमच्या गोळ्या म्हणूनच लिहिल्या नाहीत. ते मॅग्नेशियमबरोबर आपोआप वर येतं, आणि आलंच.

८.९ हा आकडा खरा नव्हता

बाईंना घरी ग्लुकोमीटरवर दोन आठवडे साखर बघायला लावली. दिवसाआड, सात वेळा: तिन्ही जेवणांच्या आधी, दोन तासांनी, आणि झोपताना. सरासरी निघाली १८३. हिशेबाचं सूत्र वापरलं (एचबीए१सी गुणिले २८.७ वजा ४६.७), तर १८३ शी जुळणारा एचबीए१सी ८.० येतो. प्रयोगशाळा सांगत होती ८.९, म्हणजे सरासरी सुमारे २०९.

एवढी तफावत मीटरच्या चुकीने येत नाही. आणि साखर महिन्यागणिक चढत असताना तीन महिन्यांची स्मृती असलेला एचबीए१सी खरं तर मागे पडायला हवा, ताज्या सरासरीपेक्षा कमी दिसायला हवा. तो जास्त दिसला याचा अर्थ मोजपट्टीच ताणलेली. कारण फेरिटिन ८. लोहाच्या कमतरतेत नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्या जास्त दिवस फिरत राहतात, आणि पेशी जितकी म्हातारी तितकी तिच्यावर साखर जास्त चढलेली. साखर तीच राहून एचबीए१सी फुगतो. या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू झालं असतं तर पहिल्या महिन्यातच साखर धडाधड खाली गेल्याचे फोन आले असते.

पाळी थांबलेल्या बाईचं फेरिटिन ८ का, हा प्रश्न मधुमेहाहून गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पोटातून रक्त जातंय का हे बघण्यासाठी एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही झाल्या. जठराला किंचित सूज, बाकी काही नाही. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची (पायाच्या कातडीतून शिरून आतड्यात रक्त शोषणारा जंत) अंडी सापडली. पावसाळ्यात कुळागरातल्या ओल्या मातीत अनवाणी चालणं, आणि सहा वर्षं जठरातलं आम्ल दाबून ठेवल्याने लोह शोषलं न जाणं. कारण दोन्हींत वाटलेलं होतं. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. एकदा, आणि कुळागरात जाताना गमबूट.

बाटलीचं काय करायचं

बाटली बंद केली. मुलाचा आग्रह होता, ‘क्रोमियम साखरेला चांगलं ना?’ हा समज १९५९ सालचा आहे. तेव्हा श्वार्त्झ आणि मर्त्झ यांनी यीस्टमधून उंदरांची साखर सुधारणारा घटक वेगळा केला आणि तो क्रोमियममुळे चालतो असं मांडलं. पुढे शिरेतून दीर्घकाळ पोषण दिलेल्या मोजक्या रुग्णांत क्रोमियम घातल्यावर साखर सुधारल्याची वर्णनं आली. पण नेहमी जेवणाऱ्या माणसात त्याची कमतरता दाखवता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ साली क्रोमियम शरीराला आवश्यक आहे याचा पटण्यासारखा पुरावाच नाही, असं म्हणून त्याची रोजची गरज ठरवायला नकार दिला. दोनशे मायक्रोग्रॅमने फार बिघडत नाही, पण खिशातून पैसे जातात आणि औषध चालू आहे असा खोटा दिलासा मिळतो. व्हॅनेडियमबद्दल त्याहून कमी बोलावं.

जस्ताची गोष्ट वेगळी, निदान शरीरात. बीटा पेशींत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती गट करून साठवलेले असतात. पण म्हणून जस्ताच्या गोळीने साखर उतरते असं होत नाही. रोज ४०-५० मिग्रॅ. च्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर तांब्याची कमतरता मात्र येते. आठवड्यातून तीन-चारदा मासे आणि मोसमात तिसऱ्या खाणाऱ्या घरात जस्ताची वेगळी गोळी कशाला?

उपचार

क्लोर्थॅलिडोन काढलं. टेल्मिसार्टन ८० केलं आणि दोन आठवड्यांनी रक्तदाब १४८/८८ दिसल्यावर अ‍ॅम्लोडिपिन ५ जोडलं. ही दोन्ही साखर न वाढवणारी आणि खनिजं न सांडणारी.

पँटोप्राझोल एकदम थांबवलं नाही. साधं पँटोप्राझोल ४० एक आठवडा, मग २० दोन आठवडे, मग दिवसाआड २० एक आठवडा, आणि त्रास झालाच तर रात्री फॅमोटिडिन २०. एक इशारा: हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा जठरातून रक्तस्राव होऊन गेला असेल, तर ही गोळी काढायची नसते. तिथं मॅग्नेशियम मोजत राहायचं.

मॅग्नेशियमच्या गोळीवर दोन आकडे असतात, आणि गोंधळ तिथंच होतो. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिग्रॅ.’ यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे २४० मिग्रॅ. असतं, पण ते कमी शोषलं जातं आणि शौचाला पातळ करतं. सायट्रेट किंवा ग्लायसिनेटमध्ये वजनाच्या साधारण १४ ते १६ टक्केच मॅग्नेशियम. म्हणजे १००० मिग्रॅ. ग्लायसिनेट लिहिलेल्या गोळीतून मिळणार जेमतेम १४० मिग्रॅ. लेबलावर ‘एलिमेंटल’ असं लिहिलेला आकडा शोधायचा. लक्ष्य ठेवलं रोज ३०० मिग्रॅ., दोन भागांत, जेवणानंतर. ईजीएफआर ३० च्या खाली असता तर हे दिलं नसतं. मूत्रपिंड थकलेलं असताना मॅग्नेशियम साठत जातं आणि तो धोका वेगळाच. झटके येणं, हात वाकडे होणं, हृदयाची लय बिघडणं यातलं काही दिसलं असतं, तर गोळ्यांच्या भानगडीत न पडता रुग्णालयात शिरेतून द्यावं लागलं असतं.

पोटॅशियम क्लोराइडचं सिरप १५ मिली., म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, ग्लासभर पाण्यात, जेवणानंतर दोन वेळा, फक्त पाच दिवस. सहाव्या दिवशी तपासणी. टेल्मिसार्टन पोटॅशियम राखून ठेवतं, त्यामुळे सिरपची बाटली घरात विसरून चालत नाही.

लोहासाठी फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिग्रॅ. लोहाची एक गोळी दिवसाआड, सकाळी रिकाम्या पोटी. रोज घेतल्याने जास्त फायदा होत नाही. एका मात्रेनंतर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे चोवीस तास शोषण अडवतं. मॅग्नेशियम आणि लोह यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहानंतर तासभर चहा नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मॅग्नेशियम चार तास लांब ठेवावं.

मधुमेहाच्या गोळ्यांना पहिले तीन आठवडे हात लावला नाही. एकाच वेळी सगळं बदललं तर काय लागू पडलं ते कळत नाही. गरज पडलीच असती तर एसजीएलटी२ गटातली (साखर लघवीवाटे बाहेर काढणारी) गोळी निवडण्याचा विचार होता, कारण त्या गटाने रक्तातलं मॅग्नेशियम किंचित वाढतं.

ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बाईंसाठी मॅग्नेशियम रोज ३७० मिग्रॅ. आहे. यांच्या जेवणातून साधारण २०० च येत होतं. हिशेब सोपा आहे. दोन्ही वेळचा मिळून सुमारे २०० ग्रॅम पांढरा पॉलिश केलेला तांदूळ, त्यात १०० ग्रॅममागे मॅग्नेशियम जेमतेम २० मिग्रॅ. कोंडा न काढलेल्या तांदळात हाच आकडा ९० च्या आसपास जातो. सकाळी दोन पाव. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, मासा आणि खोबरं मिळून ५०-६०. भाजी वाटीभर, तीही रोज नाही. घरची विहीर चिऱ्याच्या थरातली. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, त्यातून खनिज फारसं येत नाही. त्यामुळे घरात आरओ बसवल्याने मॅग्नेशियम गेलं, ही मुलाची शंका निकालात निघाली. जायला मुळात फारसं नव्हतंच.

बदल असे ठरले. दुपारचा भात उकड्या तांदळाचा, कच्चा ६० ग्रॅम, म्हणजे घरातली लहान वाटी. रात्री भाताऐवजी एक पोय (गोव्याचा चपटा पाव). कोंड्याची, पोदेराकडची (पाववाल्याकडची), मैद्यावर वरून कोंडा भुरभुरलेली नाही. तोडून बघितली की आतला रंग सांगतो. आठवड्यातून चार दिवस अळसांदे (चवळीचा प्रकार) किंवा मूग, कच्चे ४० ग्रॅम. अळसांद्यात १०० ग्रॅममागे मॅग्नेशियम २०० च्या आसपास असतं. तांबडी भाजी (लाल माठ) आठवड्यातून तीनदा, कांदा आणि थोडं खोबरं घालून. तिच्यात मॅग्नेशियम भरपूर, पण ऑक्झॅलेटही आहे, त्यामुळे सगळं अंगी लागत नाही. संध्याकाळच्या बिस्किटांऐवजी आठ-दहा काजू, बिनमिठाचे. काजूत १०० ग्रॅममागे सुमारे ३०० मिग्रॅ. असतं, पण मूठ मोठी झाली की उष्मांकही येतात. गोव्यात हे सांगावंच लागतं.

निवळीबद्दल, म्हणजे भाताच्या गाळलेल्या पाण्याबद्दल, सविस्तर. उकड्या तांदळाचा भात इथं भरपूर पाण्यात शिजवून गाळतात आणि निवळ बहुधा गाईच्या पातेल्यात जाते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे गाईला बरंच मिळतं. बाईंना सांगितलं ते असं: तांदूळ धुऊन मोजक्या पाण्यात शिजवा, किंवा निवळ काढलीच तर ती त्याच दिवशीच्या हुमणात किंवा डाळीत वापरा. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम वाढलेलं असेल तर सल्ला नेमका उलटा, निवळ गाळून टाकायची. पेज मात्र मोजून. तांदूळ जितका घोटला जातो तितकी साखर लवकर चढते. अकराला पेज घ्यायचीच असेल तर दाणा अख्खा राहिलेली, वाटीभर, सोबत मूग.

नाचणीच्या सत्त्वावर घरातल्या सगळ्यांची श्रद्धा होती. नाचणीत मॅग्नेशियम १०० ग्रॅममागे १४० च्या आसपास आणि कॅल्शियम ३५० च्या वर, हे खरं. पण सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, वस्त्रगाळ केलेली नाचणी. साल आणि त्यातलं खनिज फडक्यात राहतं, वाटीत येतो बराचसा स्टार्च. वर माडाचा गूळ. दोन तासांनी मीटरवर २४० दिसल्यावर वाद मिटला. त्याच नाचणीची अख्ख्या पिठाची भाकरी, ३० ग्रॅम पिठाची, चालली.

काय बिघडलं

चौथ्याच दिवशी जुलाब. औषधाच्या दुकानात ग्लायसिनेट नव्हतं म्हणून ऑक्साइड ४०० दोन वेळा दिलं गेलं होतं, त्यात मेटफॉर्मिन पोट हलकं करणारं. जुलाबातून मॅग्नेशियम उलट जातं. चार दिवस थांबून ग्लायसिनेटवर, पहिला आठवडा अर्ध्या मात्रेवर आणलं.

पँटोप्राझोल २० वर आल्यावर छातीत जळजळ उसळली. बाईंनी मनाने पुन्हा ४० सुरू केलं आणि आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. दाबून ठेवलेलं आम्ल औषध कमी होताच काही दिवस जास्त सुटतं. ते नवं दुखणं नव्हे, पण तसं वाटतं. आधीच सांगून ठेवलं असतं तर हा आठवडा वाचला असता. रात्रीचं जेवण साडेसातला, फॅमोटिडिन, आणि कमी करण्याचे टप्पे दुप्पट लांब केल्यावर गोळी सुटली.

पाचव्या आठवड्यात कुळागरात काम करताना दुपारी बाराला घाम, थरथर; मीटरवर ६४. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी ९२. इन्सुलिन पुन्हा नीट लागू पडू लागलं होतं आणि ग्लिमेपिराइड जुन्याच मात्रेवर होतं. ते १ मिग्रॅ. केलं. खनिजं भरून काढताना सल्फोनिलयुरिया (ग्लिमेपिराइडचा गट) किंवा इन्सुलिन चालू असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून दुपारची साखर रोज बघावी.

आठव्या आठवड्यात पोटॅशियम ५.४. सिरप केव्हाच बंद होतं. चौकशीत कळलं, मुलाने रक्तदाबासाठी म्हणून ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे, पण ज्यांचं पोटॅशियम बाहेर पडायला अडचण आहे त्यांना वगळून. टेल्मिसार्टन ८० घेणाऱ्याने विचारल्याशिवाय ते वापरू नये. मीठ बदललं, दहा दिवसांत ४.६.

बाराव्या आठवड्यातले आकडे

मॅग्नेशियम १.९, पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.२, क्यूटीसी ४३२. गोळे तिसऱ्या आठवड्यातच थांबले होते. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ३६. उपाशीपोटी १३४, जेवणानंतर १८६, घरच्या सात वेळांची सरासरी १५२. एचबीए१सी ६.८.

मुलगा ८.९ वरून ६.८ हा फरक सगळ्यांना सांगत होता. तो तसा धरता येत नाही. सुरुवातीचा आकडा लोहाच्या कमतरतेने फुगलेला, आणि आताचा आकडा लोह दिल्यावर आलेल्या कोवळ्या पेशींमुळे जरा दबलेला; १५२ शी जुळणारा एचबीए१सी खरं तर ६.९ च्या आसपास येतो. धरायचा फरक मीटरचा: १८३ वरून १५२, म्हणजे साधारण एक टक्का. त्यातलं मॅग्नेशियमचं श्रेय किती, क्लोर्थॅलिडोन काढल्याचं किती, रात्रीचा भात सुटल्याचं किती, हे वेगळं करता येणार नाही. कमतरता नसलेल्या माणसाला मॅग्नेशियम देऊन एवढा फरक पडेल अशी आशा धरू नये. अशांत परिणाम झालाच तर किरकोळ असतो.

पुढचं वेळापत्रक: मॅग्नेशियमची गोळी १५० मिग्रॅ. वर आणून आणखी आठ आठवडे, मग बंद, आणि बंद केल्यानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. टिकलं तर गळती बंद झाली असं धरायचं. पुन्हा घसरलं तर लघवीचा तोच नमुना पुन्हा. लोह आणखी तीन महिने. एचबीए१सी त्यानंतर, हिमोग्लोबिन स्थिर झाल्यावर. तोवर मीटरची वही. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत: थायझाइड नको, डॉम्पेरिडोन नको, पोटॅशियमचं मीठ नको.